बकासुराची येळवस

माझ्या शाखेचं नाव 'ऊर्जा आणि पर्यावरण अभियांत्रिकी'. उमरीत, म्हणजे माझ्या गावात, या नावाचे सरळ दोन तुकडे होतात. ऊर्जा म्हटलं की लोक बिघडलेले मिक्सर घेऊन दारात येतात, आणि पर्यावरण म्हटलं की पाच जूनला झाड लावायला बोलावतात. शेजारच्या व्यंकटीमामांनी तर गेल्या उन्हाळ्यात अख्खा कूलर आणून आमच्या ओट्यावर ठेवला. म्हणाले, "बघ की जरा. मंग नांदेडात चार वर्षं काय शिकून राहिलीस?" मी रागारागानं कूलर उघडला. आत चिमणीनं सोडून दिलेलं घरटं अडकलं होतं. ते काढल्यावर कूलर चालू झाला आणि माझी ख्याती आणखीच वाढली.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. पुढे उपयोगी पडेल.

चार वर्षं असं व्यंकटीमामा म्हणाले, पण खरं तर ती पाच होणार होती. तिसऱ्या वर्षी ऐन परीक्षेत मला टायफॉइड झाला आणि वर्ष गेलं. माझ्या वर्गातली मुलं पुढे गेली आणि मागची मुलं मला 'बुद्धप्रियाताई' म्हणू लागली. ही 'ताई' मला फार झोंबायची. एकटी शिल्पा मला ताई म्हणाली नाही. पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातली भाकरी उचलून म्हणाली, "ठेचा लई भारी हाय बग." म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मी तिच्यासोबत जोडी लावली.

आमचे मार्गदर्शक रामलिंग सर. त्यांना जाड अहवालांचा तिटकारा. "अहवाल मला नको," ते म्हणाले. "चहा करून दाखवा."

म्हणजे असं, की आम्ही बायोगॅसचं लहान संयंत्र उभारायचं, आणि दहा जानेवारीला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर त्या गॅसवर एक लिटर पाणी उकळून दाखवायचं. उकळलं तर पास. नाही उकळलं तर प्रकल्प नापास, आणि प्रकल्प नापास म्हणजे पदवी पुढच्या वर्षी. शिल्पाचं एक वर्ष गेलं असतं. माझं दुसरं. मी माझ्या आईला, पंचशीलाबाईंना, शब्द दिला होता की जूनमध्ये पदवी घेऊनच घरी येईन. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला उशिरा दिलेला गृहपाठ आवडत नाही.

संयंत्र बसवलं शिल्पाच्या शेतात, शिरूर अनंतपाळजवळ. नांदेडहून लातूरच्या एसटीत बसायचं, चाकूरला उतरायचं, तिथून जीपनं पुढे. जीपमध्ये जागा मिळाली तर आपलं नशीब आणि नाही मिळाली तरी ड्रायव्हर बसवतोच. संयंत्र म्हणजे जाड रबरी कापडाची हजार लिटरची पिशवी. एका तोंडातून शेण कालवून ओतायचं, दुसऱ्या तोंडातून मळी बाहेर पडते, आणि वरून गॅसचा पाइप थेट शेतातल्या घराच्या चुलीपाशी. सप्टेंबरात आम्ही ती बसवली तेव्हा शिल्पाचे वडील, शेषेरावकाका, तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "हे तर मेलेल्या म्हशीवानी दिसलालंय."

आम्ही दोघी आठवडाभर नांदेडला असायचो, त्यामुळे संयंत्र सांभाळायची तारामतीकाकू, शिल्पाची आई. तिला काम समजावून सांगायचं माझ्यावर आलं. शिल्पा म्हणाली, "माय माझं ऐकत न्हाई. तू सांग."

मी मोठ्या ऐटीत सांगितलं. माझ्या मते फार छान सांगितलं. "काकू, हे पोट आहे असं समजा. आपण जेवतो, पोटात अन्न जिरतं, तसंच याचं. शेण घाला, भाजीची देठं घाला, उरलंसुरलं शिळंपाकं घाला. आपल्याला चालतं ते यालाही चालतं."

"म्हंजी ह्येलाबी भूक लागती?"

"लागते की. रोज वेळेवर जेवण लागतं."

काकूनं पिशवीवर हात ठेवून पाहिला, आणि त्या दिवसापासून पिशवीचं नाव बकासुर पडलं. रोज सकाळी दहा किलो शेण आणि दुपारी घमेलंभर ओला कचरा. मला फोन करून सांगायची, "बकासुर जेवला बग." नोव्हेंबरात पिशवी टम्म फुगली. चुलीवर निळी ज्योत आली तेव्हा काकूनं पहिला चहा केला आणि काकांना न देता मला दिला. इतका गोड चहा मी कधी प्याले नव्हते. त्यात साखरच तेवढी होती, पण आनंदही होता.

डिसेंबरात काकूचा फोन आला. "येळवसेला यायचं. न्हाई म्हनायचं न्हाई."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या उमरीकडे तिचं एवढं नाही, पण लातूरकडे त्या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारायची, आत पूजा मांडायची, आणि मग जेवायचं. भज्जी नावाची सगळ्या शेंगा-भाज्यांची मिसळ, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मातीच्या घागरीतून डोक्यावर आणलेली आंबील. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून ती चांगली आंबवतात. बांधावरून जाणारा माणूस ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून बसवतात. त्या दिवशी शिवारात कुणी उपाशी राहता कामा नये, असा नियमच आहे.

मी चार कोपींत जेवले. पाचव्या कोपीत नको म्हणाले तर तिथली आजी रुसली, म्हणून तिथेही जेवले. मग हरभऱ्याच्या कडेला सतरंजीवर अशी झोपले की ऊन उतरल्यावरच जाग आली. काकू आणि शेजारच्या शेतातल्या बायका रिकाम्या घागरी धुवत हसत होत्या. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नांदेडला परतलो.

चौथ्या दिवशी शेषेरावकाकांचा फोन आला. "पोरी, चूल पेटंना झालीय. काडी लावली की फुस्स करून इजते."

पंचवीस तारखेला नाताळची सुट्टी होती. शिल्पानं आणि मी पहाटेची एसटी धरली. शेतात पोचलो तर पिशवी फुगलेलीच होती, पण गॅस जळत नव्हता. झाकण उघडलं तर आंबूस वास नाकात शिरला. मी आम्लता तपासायचा कागद मळीत बुडवला. तो हिरवट यायला हवा होता. नारिंगी आला.

माझं डोकं फिरलं. "काका, पाणी जास्त घातलंत का? पाइप कुणी काढला होता? फवारणीचं काही सांडलं का? मी एवढं लिहून दिलंय भिंतीवर, कुणी वाचतं का नाही?" शिल्पा मला मागून चिमटे काढत होती, पण मी थांबेन तर ना. "सोळा दिवस राहिलेत! माझं एक वर्ष आधीच गेलंय, हे दुसरं! कुणी काय घातलंय यात?"

"म्या घातलं," तारामतीकाकू म्हणाली. ती दारात उभी होती, हात पदराला पुसत. "येळवस होती ना. आंबील उरली व्हती. पाच शेतांतली मिळून सहा घागरी झाली. भज्जी आन खीरबी उरली व्हती. समदी घातली."

सहा घागरी. म्हणजे नव्वद लिटर आंबट ताक-पीठ, हजार लिटरच्या पिशवीत, एका झटक्यात, ऐन थंडीत.

काकू माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत अपराधीपणा नव्हता, नुसतं नवल होतं. "तूच म्हनलीस ना, पोट हाय म्हून. आपल्याला चालतं ते ह्येला चालतं. मंग येळवसेच्या दिशी समद्या शिवारानं जेवायचं आन ह्येला उपाशी ठेवायचं व्हय?"

मला खरंच लाज वाटली. पाच वर्षं शिकून मी तिला अर्धंच सांगितलं होतं. त्या पिशवीत दोन तऱ्हेचे जीव असतात. एक अन्नाचं आंबट करतात, दुसरे त्या आंबटाचा गॅस करतात. पहिले चपळ, दुसरे संथ आणि नाजूक. एकदम भरपूर आंबट मिळालं की दुसरे मरगळतात आणि जळणारा गॅस बनायचा थांबतो. हे सगळं मला पाठ होतं, पेपरात लिहून आठापैकी सात गुण मिळवले होते. आणि ज्या बाईला ते रोज लागणार होतं, तिला मी नुसतं 'पोट' म्हणून सांगितलं.

"चूक माझी आहे, काकू," मी म्हणाले. मग काकांकडे वळून म्हणाले, "काका, तुमच्यावर ओरडले. माफ करा."

"आगं ओरडलीस तर ओरडलीस," काका म्हणाले. "आमची म्हैसबी ओरडती."

ओट्यावर बसून मी दोन्ही वाक्यं नीट सांगितली, चपळ जिवांचं आणि संथ जिवांचं. काकूनं ऐकून घेतलं आणि विचार केला. "म्हंजी ह्येला आंबट ढेकरा येलालेत."

"हो. तसंच."

"मंग लंघन द्यायचं. आन सोडा पाजायचा."

मी वहीतलं पान उघडून शिल्पाला दाखवलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: आम्लता वाढल्यास खाद्य बंद करावे, चुना किंवा सोडा थोडा थोडा द्यावा. शिल्पा पोट धरून हसली.

"तिसरंही एक आहे," मी म्हणाले. "चालू असलेल्या दुसऱ्या संयंत्रातली मळी आणून यात टाकायची. त्यातले संथ जीव यात वाढतात."

"विरजन," काकू म्हणाली. "सरळ विरजन म्हन की."

चुना आणायला काका गावात गेले आणि त्यांनी जाताना बकासुराची सगळी कहाणी पारावर सांगितली असावी. येताना भिंतीला द्यायच्या चुन्याची पिशवी तर आणलीच, वर तंबाखूवाल्यांनी आपापल्या खिशातून काढून दिलेल्या चुन्याच्या नऊ डब्याही आणल्या. "समद्यांनी मदत म्हून दिल्यात. आता वापस कशा करायच्या?" मी मोठ्या पिशवीतला चुना मोजून बादलीत कालवला, आणि कुणाचं मन मोडायला नको म्हणून वरून नऊ डब्यांतला एकेक चिमूटही टाकली.

विरजणासाठी निलंग्याकडच्या एका गावात गेलो. तिथे गुरुपादप्पा नावाच्या म्हाताऱ्यांकडे वीस वर्षांचं जुनं, विटांचं संयंत्र होतं. त्यांची निम्मी भाषा कानडी, निम्मी मराठी. मी शास्त्रशुद्ध समजवायला सुरुवात केली तर हात वर करून म्हणाले, "साकु, साकु. पुरं झालं. विरजन पायजे ना? न्या की." शेषेरावकाकांचा फोन आमच्या आधी पोचला होता. दोन ड्रम मळी आम्ही टेम्पोत घालून आणली. वाटेत टेम्पोवाला तीनदा म्हणाला की दह्याचा वास असा नसतो.

मग थांबायचं होतं, आणि थांबणं हे मला जमत नाही.

नांदेडला मी रोज सकाळी सात वाजता फोनपाशी बसायचे. काकूला कागदाचा रंग तक्त्याशी लावून आकडा सांगायला सांगितलं होतं, पण ती आकडे सांगायची नाही. ती रंग सांगायची. पहिल्या दिवशी, "झेंडूवानी." दुसऱ्या दिवशी, "झेंडूच, पर जरा उतरला." पाचव्या दिवशी, "चन्याच्या डाळीवानी." मी वहीत तिचे शब्द लिहायचे आणि शेजारी माझा आकडा. सातव्या दिवशी परत "झेंडू" आला आणि मी त्या दिवशी जेवले नाही. काकूला विचारलं तर कळलं की थंडीनं पिशवी गारठली होती. तिनं स्वतःच्या डोक्यानं पिशवीवर कडब्याच्या पेंढ्या पांघरल्या. हे माझ्या वहीत नव्हतं. नवव्या दिवशी, "डाळ." अकराव्या दिवशी, "कवळ्या हरभऱ्याच्या पानावानी. आन आज चूल पेटली, जराशी. पिवळीच ज्योत हाय." मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन मोठ्यानं ओरडले. खालून वॉर्डनबाईही ओरडल्या, पण वेगळ्या कारणानं.

नोंदवहीचा मात्र प्रश्न होता. सोळा दिवसांची ओळ अशी वरखाली झाली होती की कोणीही बोट ठेवलं असतं. शिल्पा हळूच म्हणाली, "मधले आकडे सरळ करून टाकू का? कुणाला कळणाराय?" खरं सांगते, मी पेन उचललं होतं. एक वर्ष गेलेल्या माणसाला दुसरं वाचवायचा मोह फार असतो. पण त्या पानावर 'झेंडू', 'डाळ', 'कवळा हरभरा' असं लिहिलेलं होतं. ते खोडायला माझा हात धजला नाही. उलट 'बिघाडाचे कारण' या रकान्यात मी लिहिलं: 'वेळ अमावस्येची आंबील, अंदाजे नव्वद लिटर. चालवणाऱ्या व्यक्तीला अभियंत्याने अर्धवट माहिती दिली. अभियंता: बुद्धप्रिया.' लिहून झाल्यावर वही मिटली, पान बदललं नाही.

दहा जानेवारीला परीक्षक आल्या. उमादेवी मॅडम, बारीक चष्मा, पायात बूट, बोलणं कमी. रामलिंग सर त्यांच्या मागे छत्री धरून, कारण ऊन होतं. गावातली नऊ चुनेवाली माणसं बांधावर येऊन बसली होती. आपल्या डबीचं काय झालं ते बघायला.

मी नळी उघडली, काडी ओढली. फुस्स.

दुसरी काडी. फुस्स. मॅडमनी घड्याळ पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर आईचा चेहरा आला, आणि मागच्या मुलांची 'ताई', आता त्यांच्याही मागच्यांची. तिसरी काडी मी इतक्या जोरात ओढली की ती मोडली.

"सरक," काकू म्हणाली. तिनं मला बाजूला केलं, खाली वाकून पाइपचा लोंबता भाग उचलून धरला आणि टोकाकडचं बूच काढलं. आतून तांब्याभर पाणी भळकन मातीत सांडलं. "थंडीत पाइपात पानी साठतंय. रोज सकाळी काडावं लागतं. आज तुमच्या गडबडीत राहिलं." तिनं बूच लावलं, काडी ओढली, आणि चूल पेटली. निळी. चांगली घेरदार निळी ज्योत, कडेला जराही पिवळी नाही.

बांधावरची माणसं ओरडली. एक लिटर पाणी नवव्या मिनिटाला उकळलं. मला रडू आलं आणि मी ते सगळ्यांना दिसू दिलं, लपवलं नाही.

उमादेवी मॅडमनी नोंदवही मागितली. पानं उलटत त्या येळवसेपाशी थांबल्या. बराच वेळ वाचलं. मग चष्मा वर करून मला विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो, मॅडम."

"मी अठ्ठावीस वर्षं परीक्षा घेते. या रकान्यात लोक नेहमी हवामान लिहितात." आणि त्या काकूकडे वळल्या. पुढची वीस मिनिटं त्यांनी आम्हा दोघींना एकही प्रश्न विचारला नाही. सगळे काकूला विचारले. आंबट का होतं, चुना किती, लंघन कशासाठी, कडबा कुणाच्या सांगण्यावरून. काकू सांगत गेली, चपळ जीव आणि संथ जीव, झेंडू आणि हरभरा. रामलिंग सरांनी छत्री मिटून टाकली आणि ऐकत राहिले.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "आणि पुढच्या येळवसेला? तेव्हा काय करणार?"

काकू पहिल्यांदाच अडखळली. तिनं पिशवीकडे पाहिलं, टम्म फुगलेल्या, कडबा पांघरलेल्या. "अगदीच उपाशी कसं ठेवायचं, बाई? समदं शिवार जेवतंय त्या दिशी." मग ती माझ्याकडे वळली. आजवर ती मला पोरी म्हणायची, बाई म्हणायची, रागावली की 'ए नांदेड' म्हणायची. आता सगळ्यांसमोर तिनं विचारलं, "एक तांब्याभर चालंल का, इंजिनेर?"

मी मनात मांडणी केली. हजार लिटर, थंडी, तांब्यात साधारण एक लिटर. वीस-तीस तांब्यांनीही बकासुराला ढेकर आली नसती.

"दोन चालतील, काकू," मी म्हणाले. "पण दुसरा मी आल्यावर."

काकूनं उकळत्या पाण्यात चहाची पत्ती टाकली आणि साखरेचा डबा अख्खाच उपडा केला.